‘इथे’ या शब्दाचा अर्थ : एक स्टुडिओदर्शन आणि दोन तालुक्यांतील डोंगर

बालपणी वाचलेल्या अद्भुत सृष्टीला प्रत्यक्ष पत्ता मिळाला, म्हणजे त्या सृष्टीचे काय होते? हा प्रश्न जितका रसिकाचा, तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. लंडननजीक लीव्हस्डन येथे, एका जुन्या विमानतळाच्या आवारात, ‘हॅरी पॉटर’ मालिकेचे आठ चित्रपट (२००१ ते २०११) निर्माण झाले. तेथील नेपथ्य २०१२ साली लोकांस पाहावयास खुले करण्यात आले. ते पाहून आल्यावर प्रस्तुत लेखकास आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील डोंगरांचे स्मरण झाले. त्याचे कारण भाषिक आहे.

लीव्हस्डन येथील भोजनगृहाची फरशी खऱ्या दगडाची आहे. छत मात्र बांधलेलेच नाही, कारण पडद्यावरील मायावी आकाश मागाहून चित्रात घालण्यात आले. हॉगवर्ट्सच्या किल्ल्याची प्रतिकृती मूळ कल्पनेच्या चोविसाव्या हिश्शाने घडविलेली आहे. येथे काहीही लपविलेले नाही. सुतार, रंगारी आणि मूर्तिकार यांचे श्रम हाच प्रदर्शनाचा विषय होय. असे असूनही प्रेक्षक ‘इथे हॅरी जेवत असे’ आणि ‘इथे चित्रीकरण झाले’ ही दोन वाक्ये एका दमात उच्चारतो, आणि त्यास विसंगती जाणवत नाही. एकच ‘इथे’ कथेतील स्थळ आणि कारागिराची जागा या दोहोंचा निर्देश करतो. रहस्य उघडे पडल्याने आनंद नष्ट होतो, हा समज या साध्या क्रियाविशेषणाने खोटा ठरविला आहे.

आता मुरबाड तालुक्याकडे वळू. देहरी गावाजवळ गोरखगड व मच्छिंद्रगड हे सुळके जवळजवळ उभे आहेत. गोरखगडावर कातळात खोदलेल्या गुहा व पायऱ्या आहेत. ‘इथे गोरक्षनाथांनी तप केले’ असे तेथे सांगितले जाते. छिन्नीचे घाव डोळ्यांसमोर असतानाही या वाक्यातील ‘इथे’ला दुसरा अर्थ नाही. श्रद्धेचे ‘इथे’ एकेरी असते, स्टुडिओचे दुहेरी.

नाथांची हीच कथा पुढे स्टुडिओतही गेली. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला. मायेविषयीची कथा मायेच्याच साधनांनी सांगण्याचा तो प्रयत्न होता. प्रभातने १९३३ साली पुण्यास स्थलांतर केले. पुण्यातील त्या आवारात १९६० साली चित्रपट शिक्षणाची शासकीय संस्था स्थापन झाली. मच्छिंद्राच्या स्त्रीराज्याचे दर्शन आज घडते ते पडद्यावर; गडावर मात्र नाथांचे नाव अद्याप नांदत आहे.

शहापूर तालुक्यातील माहुलीचा दाखला याहून उद्बोधक आहे. तेथील सुळक्यांस ‘नवरा’, ‘नवरी’, ‘भटोबा’ अशी नावे आहेत. ‘नवऱ्यासारखा सुळका’ असे कोणी म्हणत नाही. ‘हा नवरा, ही नवरी’ एवढेच म्हणतात. या वाक्यांत क्रियापद नाही, उपमेचा ‘सारखा’ नाही. व्याकरणाने दगडाला लिंग दिले आणि लिंगाबरोबर नाते दिले. स्टुडिओत आधी वस्तू घडते, मग तिला कथेतील नाव लाभते. माहुलीस आधी नाव पडले आणि नावाने वऱ्हाड उभे केले. एका पैशाचेही नेपथ्य त्यास लागले नाही.

येथेच लीव्हस्डनच्या दर्शनाची मर्यादा दिसते. त्या मालिकेचा पहिला ग्रंथ मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आला. मूळ कथेतील खडा धातूचे सोने करतो आणि अमरत्वाचे पेयही देतो. आपला परीस लोखंडास केवळ स्पर्श करतो. मात्र त्या स्पर्शामागे संतवाणीतील गुरुकृपेचा दृष्टान्त उभा असतो. मराठी वाचकाने त्या शीर्षकातूनच वेगळ्या सृष्टीत प्रवेश केला होता. चित्रपटातील लाल खड्यात ते स्मरण नाही. असणे शक्यही नाही. वस्तू मांडून दाखविता येते, शब्दाचे अनुषंग मांडून दाखविता येत नाहीत. म्हणून असे दर्शन कितीही प्रामाणिक असले, तरी ते एका वाचनाचेच दर्शन ठरते. पुष्कळ वाचकांचे वाचन त्याच्या बाहेर राहते.

या दोन तालुक्यांतून आपल्या विभागात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून एक काम अंगावर घ्यावे. कुणबी, ठाकूर, कातकरी आणि वारली वृद्ध आपल्या डोंगरांविषयी जी वाक्ये बोलतात, ती त्यांच्याच उच्चारांत आणि त्यांच्याच व्याकरणासह नोंदवावीत. प्रमाण मराठीत उतरवून नव्हे. ‘हा नवरा’ याचे ‘हा सुळका नवऱ्यासारखा दिसतो’ असे शुद्धीकरण होईल, त्या दिवशी माहुलीवर तीन खडक तेवढे उरतील.