कोरी जागा सोडणार का?

‘स्ट्रीट आर्टचा फील हवा, आणि लोकांना त्यात भाग घेता आला पाहिजे.’ डिझाइन किंवा मार्केटिंगमध्ये काम करत असाल तर हे वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडलं असेल. नसेल तर पडेल. मग पुढची यादी ठरलेलीच असते: स्टेन्सिलची अक्षरं, ओघळलेला रंग, फाडून न्यायच्या पट्ट्या, नाण्याने खरवडायचा थर, आणि खळीने चिकटवल्यासारखं सुरकुतलेलं पोस्टर. (खळ म्हणजे पिठाची चिकी. आपल्याकडे सिनेमाची पोस्टरं वर्षानुवर्षं तिनेच चिकटवली गेली. इथले कलाकारही तेच वापरतात, फक्त नाव वेगळं.) कोपऱ्यात क्यूआर कोड टाकला की झालं ‘इंटरॅक्टिव्ह’.

या वेळच्या भागात आपण जाहिरात आणि शहर यांबद्दल बोललो, पण छापील साहित्याचा मुद्दा वेळेअभावी राहिला. माझं म्हणणं सरळ आहे. अशा बहुतेक मोहिमा रस्त्यावरच्या कलेचं दिसणं उचलतात, पण तिथे कुणीही येऊन उत्तर देऊ शकतो, ही गोष्ट मात्र मागे ठेवतात. आणि मग उत्तर आलंच तर दचकतात.

सोनीचं उदाहरण घ्या. 2005 च्या शेवटी न्यू यॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतल्या भिंतींवर काळ्या रेषांतली मुलं दिसायला लागली. डोळे मोठे, चेहरे बधिर, हातात एक यंत्र. कुणी ते लॉलीपॉपसारखं चाटतंय, कुणी स्केटबोर्डसारखं वापरतंय. कंपनीचं नाव कुठेच नाही. यंत्र होतं सोनीचं पीएसपी, आणि भिंतींचे पैसे मालकांना रीतसर दिलेले होते. चित्रं वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. पण लोकांनी ओळखलं. सॅन फ्रान्सिस्कोत एका चित्रावर कुणीतरी कंपनीला शहरातून चालतं व्हायला सांगितलं. फिलाडेल्फियात तर महापालिकाच मागे लागली.

जाहिरातवाले हे ‘फसलेली मोहीम’ म्हणून सांगतात. मला उलट वाटतं. त्या भिंतींवर ज्या क्षणी कुणी स्प्रे घेऊन उत्तर लिहिलं, त्याच क्षणी ती मोहीम पहिल्यांदा खरोखर रस्त्यावरची झाली. फक्त कंपनीने त्यासाठी जागा सोडलेली नव्हती, म्हणून ते ‘विद्रूपीकरण’ ठरलं. पैसे देऊन काढलेलं चित्र म्हणजे जाहिरात आणि त्यावर फुकट लिहिलेलं वाक्य म्हणजे गुन्हा, हा हिशोब कुणी ठरवला, हे विचारून बघा.

आता जागा सोडणारा माणूस बघू. जी ली हा न्यू यॉर्कमधला डिझायनर स्वतः जाहिरात एजन्सीत काम करायचा. त्याने कॉमिक्समध्ये असतात तसे संवादाचे कोरे फुगे स्टिकरवर छापले, हजारोंनी छापले, आणि शहरभरच्या जाहिरातींवर चिकटवत सुटला. मॉडेलच्या तोंडापाशी एक पांढरा फुगा, बस. काही दिवसांनी परत जाऊन लोकांनी काय लिहिलंय त्याचे फोटो काढायचे. राजकारण, शिव्या, प्रेम, विनोद, सगळं आलं. छपाईच्या दृष्टीने याहून स्वस्त काही नसेल: एक रंग, एक आकार, मागे गोंद. पण आतापर्यंत एकतर्फी बोलणारा कागद त्या फुग्यामुळे ऐकायला लागला. (हाच जी ली पुढे गुगल आणि फेसबुकमध्ये गेला. यावर हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम मात्र न्यू ऑर्लिन्सचं आहे. कतरिना वादळाला पाच वर्षं झाली होती, तरी कितीतरी इमारती रिकाम्या पडून होत्या. 2010 मध्ये कँडी चँग या कलाकाराने स्टिकर छापले. त्यावर एवढंच: ‘ही जागा ____ असती तर बरं झालं असतं.’ अर्थात इंग्रजीत. ‘हॅलो, माझं नाव अमुक’ असं लिहिलेले ते बिल्ले तुम्ही कॉन्फरन्समध्ये छातीवर लावले असतीलच, त्यांच्यावरून सुचलेली कल्पना. स्टिकर शहरातल्या दुकानांतून फुकट वाटले. आणि ते विनाइलचे होते, म्हणजे भिंतीला इजा न करता सोलून काढता येणारे.

ही शेवटची गोष्ट बारीक वाटेल, पण तिथेच डिझायनरचं डोकं दिसतं. सोलून निघणारा गोंद निवडला की लिहिणाऱ्याच्या मनातली भीती कमी होते. लोकांनी किराणा दुकान मागितलं, बाग मागितली, चावट विनोदही केले. पण घरमालकाने ते वाचलंच पाहिजे असं काही नव्हतं, ही त्यातली उणीव. कागदाने विचारलं, लोकांनी सांगितलं, पुढे ऐकणारा कोण? चँगने नंतर हीच चर्चा पुढे नेण्यासाठी ऑनलाइन साधन उभारण्यात हात घातला, यातच काय ते आलं.

याच्या शेजारी 2014 मधली बेक्स बिअरची ऑकलंडमधली पोस्टरं ठेवा. वीज वाहणाऱ्या शाईने छापलेली, बोट लावलं की वाजणारी. तंत्र म्हणून लाजवाब. मी व्हिडिओ बघताना दोनदा मागे नेला. पण तुम्ही कुठेही बोट लावा, वाजणार तेच जे आधी आत भरलंय. लिफ्टचं बटणही इतकं इंटरॅक्टिव्ह असतंच की!

आता धोक्याबद्दल, कारण आपल्यापैकी अनेकांसाठी खरा प्रश्न तिथे आहे. 2001 मध्ये आयबीएमने शांतीचं चिन्ह, हृदय आणि लिनक्सचा पेंग्विन अशी चित्रं फूटपाथवर उठवली. खडू पावसाने धुऊन जाईल अशी कल्पना होती, तो गेला नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराला कंपनीने लाखाच्या वर डॉलर मोजले आणि विषय संपला. 2007 मध्ये बॉस्टनमध्ये एका कार्टूनच्या जाहिरातीसाठी दिव्यांच्या पाट्या लावल्या गेल्या. छापील नव्हत्या, पण जात तीच. लोकांना बॉम्ब वाटले, रस्ते बंद झाले. जाहिरात करणाऱ्यांनी वीस लाख डॉलर दिले. पण बेड्या पडल्या त्या पाट्या लावणाऱ्या दोन तरुणांना. त्यातला एक बेलारूसमधून आलेला कलाकार. पुढे समाजसेवा करून त्यांची सुटका झाली, पण आधी बाँब असल्याची खोटी भीती पसरवल्याचा गंभीर गुन्हा डोक्यावर होताच.

न्यू यॉर्कच्या कायद्यात ग्राफिटी काढणं हा ‘अ’ वर्गातला मिसडिमीनर आहे. तुम्ही स्टुडंट व्हिसावर असाल तर पुढच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न असतो, शिक्षा झाली असो वा नसो. कंपनीसाठी दंड हा बजेटमधला एक आकडा असतो. रात्री दोन वाजता शिडीवर चढलेल्या फ्रीलान्सरकडे असला कुठला रकाना नसतो.

म्हणून असं काम आलं तर नकार द्या असं मी म्हणणार नाही, कामं मजेदार असतात आणि पैसेही बरे मिळतात. पण मॉकअप उघडण्याआधी क्लायंटला दोन गोष्टी विचारा. पोस्टरवर कोरी जागा ठेवली आणि तिथे कुणी तुमच्याच मालाविरुद्ध लिहिलं, तर ते तसंच राहू द्याल का? फोटो काढून तुमच्याच पानावर टाकाल का? ‘बघू’ असं उत्तर आलं तर फुगा छापू नका, साधी छान जाहिरात करा. तिच्यातही काही कमीपणा नाही. दुसरं, परवानगीचा कागद कुणाच्या नावावर आहे, आणि पोलिसांचा फोन आला तर वकिलाचे पैसे कोण भरणार? हे तोंडी नको, करारात. आणि पोस्टर लावायला जो मुलगा किंवा मुलगी जाणार आहे, त्या कराराची एक प्रत त्यांच्या बॅगेतही असू द्या.