संथ आरंभाचा घाट

काझुकी मिया यांच्या 'होन्झुकी नो गेकोकुजो' या जपानी कादंबरीमालेच्या पहिल्या खंडावर संथपणाचा आक्षेप घेतला जातो. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. माला अद्भुतरम्य असूनही या खंडात जादूचा वावर जवळजवळ नाही. उमराव मंडळी दूर तटापलीकडे आहेत. आणि जिच्यासाठी सारा खटाटोप चालला आहे ती वस्तू, म्हणजे पुस्तक, खंड संपला तरी तयार होत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की हा संथपणा रचनेतील दोष आहे, की आशयातून उगवलेला घाट?

ग्रंथपाल होऊ पाहणारी एक तरुणी भूकंपात पुस्तकांच्याच ढिगाखाली दबून मरते आणि एका परक्या जगात, पहारेकरी शिपायाच्या घरातील माइन या पाच वर्षांच्या दुबळ्या मुलीच्या देहात जागी होते. तेथे ग्रंथ चर्मपत्रावर हाताने लिहिले जातात आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची असते. तेव्हा ती स्वतःच पुस्तक करायला निघते. गवताचे तंतू विणून पाहते, मातीच्या पाट्या घडवते, लाकडाच्या चिरफळ्या जमवते. प्रत्येक प्रयत्न फसतो. चिरफळ्या तर आईने सरपण समजून जाळलेल्या असतात.

संथपणाचे मर्म येथे आहे. पुनर्जन्माच्या अशा कथांत पूर्वजन्मीचे ज्ञान बहुधा सिद्धीसारखे वापरले जाते. आठवले की साधले. माइनला कागदाची कृती ठाऊक आहे. परंतु अवजारे नाहीत, पैसा नाही, वेशीपर्यंत चालण्याचे बळही नाही. रानात पोचता यावे म्हणून तिला कित्येक महिने चालण्याचा सराव करावा लागतो. तिच्या पावलांची गती हीच निवेदनाची गती होते. 'गेकोकुजो' म्हणजे खालच्याने वरच्यावर मात करणे. तो तळ वाचकाच्या अनुभवास आल्याखेरीज पुढील चढणीला अर्थ येत नाही.

तथापि सारीच संथता समर्थनीय नाही. ही कथा २०१३ ते २०१७ या काळात संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली आणि २०१५ पासून ग्रंथरूपाने येऊ लागली. क्रमशः लेखनातील पसरटपणा केस धुण्याच्या मिश्रणाच्या नि खाद्यपदार्थांच्या प्रसंगांत जाणवतो. तेथे यश सहज मिळते, आणि म्हणून वेळ नुसता जातो. याहून गंभीर उणीव वेगळी आहे. जिच्या देहात नायिका जागी होते ती मुलगी तापाने मेलेली आहे, आणि घरच्यांना त्याची वार्ताही नाही. गवताच्या विणीपाशी पाने खर्चणारे निवेदन या मृत्यूपाशी मात्र घाई करते. पुढे शेजारचा लुट्झ हा प्रश्न तिला तोंडावर विचारतो. यावरून लेखिकेला त्याची जाणीव होती हे उघड आहे. परंतु पहिल्या खंडात गती मंदावायला हवी होती ती नेमकी येथे.

२०२३ साली ३३ व्या खंडाने माला पूर्ण झाली. पुढे सारे फळाला येते, असे म्हणून पहिल्या खंडाचे समर्थन करणे मात्र उचित नव्हे. उरलेल्या ३२ खंडांच्या तारणावर त्याला मोल देता येणार नाही. किंबहुना त्याची तशी गरजही नाही. फसलेल्या पाट्या आणि जळालेल्या चिरफळ्या यांत तो स्वतःच्या बळावर उभा आहे. मृत माइनपाशी तो उणा पडतो.