गाडी वळत नाही, दोष कुणाचा?

रेडिओवर चालणाऱ्या मोटारीचा जोडणी-संच ही खेळण्यांच्या दुकानातली वस्तू. शिक्षकांच्या मासिकात तिचे परीक्षण कशाला, असे काहींना वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने असा एक संच शाळेला भेट दिला. नववी-दहावीच्या सहा मुलांनी तो रविवारी रविवारी बसून जोडला आणि नंतर दोन महिने त्या गाडीचे ‘ट्यूनिंग’ केले. या काळात मी मुख्यतः बाजूला बसून पाहत होतो. मुलांच्या हातात दोन कागद होते. एक जोडणीची पुस्तिका, दुसरा ट्यूनिंगचा तक्ता. पहिल्याचे कौतुक आणि दुसऱ्याची तक्रार करण्यासाठी हा लेख आहे.

गाडी खऱ्या मोटारीच्या एकदशांश आकाराची, पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये २५.७ सेंटिमीटर अंतर. या जातीत हेच माप रूढ आहे. एक विद्युतमोटर, ७.२ व्होल्टची बॅटरी, पुढची चाके वळवणारा सर्वो. विशेष हे, की मोटर फक्त पुढच्या दोन चाकांना फिरवते. मागची दोन नुसती फरफटत येतात. या छंदात पुढून ओढल्या जाणाऱ्या गाड्या कमी. बहुतेकांच्या चारही चाकांना गती असते. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-मोटार काढली. पुढून ओढणाऱ्या गाड्यांची ‘एफएफ’ नावाची मालिका तिने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस चालू केली. त्या वेळी ब्रिटनच्या टूरिंग मोटार शर्यतींत याच रचनेच्या गाड्या जिंकू लागल्या होत्या: १९९४ साली गॅब्रिएले तार्क्विनी यांची आल्फा रोमिओ १५५, १९९७ साली अलँ मेन्यू यांची रेनॉ लगुना.

आपल्याकडे तर ही रचना घरोघरी पोहोचलेली आहे. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी आणि कोलकात्याजवळची ॲम्बेसेडर या दोन्ही मागून ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि इंजिन आडवे ठेवून पुढची चाके फिरवण्याची पद्धत रस्त्यावर रुळली. पावसाळ्यात चिखलाच्या चढावर पुढची चाके नुसती गरगर फिरू लागली, की जाणकार ड्रायव्हर गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवतो. त्यामागचे कारण वर्गात विचारून पाहा. उत्तर पुढे येईलच.

आधी पुस्तिकेविषयी. तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच. सगळी चित्रे, आणि प्रत्येक स्क्रूचे चित्र खऱ्या आकाराचे. मुले स्क्रू कागदावर ठेवून जुळवत होती. ८ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना कळण्यासाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. आपल्या प्रयोगवह्यांतील आकृत्या काढणाऱ्यांनी ही पुस्तिका एकदा जरूर चाळावी. डिफरन्शियल जोडून झाल्यावर एका मुलीने एक चाक हाताने पुढे फिरवले, तर दुसरे आपोआप मागे फिरले. ती दचकली, मग पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, हे वाक्य मी बरीच वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचा तिच्या चेहऱ्यावर दिसला तसा परिणाम मी कधी पाहिला नव्हता.

आता तक्ता. हा छापील पुस्तिकेत नव्हता. हौशी मंडळींत हातोहात फिरणारी, कुणी कधी लिहिली हे न कळणारी ती झेरॉक्स प्रत. डाव्या बाजूला दुखणे, उजव्या बाजूला औषध. ‘गाडी वळत नाही: पुढचा डिफरन्शियल सैल करा.’ ‘वळणातून निघताना पकड कमी: बॅटरी मागे सरकवा.’ कारण एकाही ओळीला दिलेले नाही. आमची गाडी वळत नव्हती. सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर वेग दिला, की चाके वळवलेली असूनही नाक सरळ भिंतीकडे जाई. मुलांनी डिफरन्शियलमधले घट्ट ग्रीस पुसून पातळ घातले. गाडी आणखीच कमी वळू लागली. बॅटरी मागे सरकवली, तर पुढची चाके जागच्या जागी फिरून धूर तेवढा निघायचा बाकी राहिला. मुलांचा निष्कर्ष: आपल्याला जोडता आले नाही.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. तक्त्यातली औषधे खोटी नाहीत. ती चार चाकांनी किंवा मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीची आहेत, आणि तसे कुठेही लिहिलेले नाही. गृहीतक गाळलेला नियम चुकला, की विद्यार्थी स्वतःला दोषी धरतो.

हिशेब करून पाहू. गाडीचे वजन १५०० ग्रॅम. स्वयंपाकघरातले दोन काटे घेऊन पुढची चाके एकावर, मागची दुसऱ्यावर ठेवा. पुढे ९३० आणि मागे ५७० ग्रॅम भरले असे समजू. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४ सेंटिमीटर उंच आणि घर्षण-गुणांक ०.८ धरू. गाडी वेग घेते तेव्हा भार मागे झुकतो. एसटी सुटताना उभे प्रवासी मागे जातात तसेच. हा सरकणारा भार म्हणजे वजन गुणिले त्वरण (गुरुत्वत्वरणाच्या पटीत), गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले आसांमधले अंतर. पुढची चाके जास्तीत जास्त जोर लावतात तेव्हा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.४४ पट येते आणि सुमारे १०३ ग्रॅम भार पुढून मागे जातो. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचे तीच हलकी होतात. हीच गाडी उलटी फिरवून, जड बाजू मागे ठेवून मागून ढकलली, तर त्वरण ०.५७ पट मिळते. चिखलातल्या चढाचे उत्तर यातच आहे: चढावर भार खालच्या बाजूच्या चाकांकडे जातो आणि रिव्हर्समध्ये ओढणारी चाके खालच्या बाजूला येतात. बॅटरी मागे सरकवण्याचा सल्ला आमच्या गाडीला का बाधला हेही यातच आले.

गुरुत्वमध्याची उंचीही काट्यानेच मोजता येते. मागचा काटा ठोकळ्यांवर १० सेंटिमीटर वर उचला, चाके मोकळी ठेवा आणि पुढच्या काट्याचा आकडा किती वाढला ते पाहा. ही वाढ गुणिले आसांमधले अंतर, भागिले वजन आणि चढकोनाचा टॅन्जंट; उत्तर येते ते आसाच्या पातळीपासून वरची उंची, त्यात चाकाची त्रिज्या मिळवायची. गुरुत्वमध्य आसाच्या १ सेंटिमीटर वर असेल, तर फरक सुमारे २५ ग्रॅमचा पडतो. ग्रॅमचा काटा पुरेसा आहे. मात्र स्प्रिंगा दबू नयेत म्हणून शॉकॲब्सॉर्बरच्या जागी तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या बसवाव्या लागतात. आमच्या मुलांनी हे आधी केले नव्हते आणि गुरुत्वमध्य दर वेळी निराळाच निघत होता.

वळणाची गोष्ट पुढची. टायर जमिनीला जेवढा धरू शकतो, तेवढ्यातूनच त्याला ओढण्याचाही खर्च भागवायचा असतो आणि वळवण्याचाही. हे दोन जोर एकमेकांशी काटकोनात, म्हणून बेरीज पायथागोरसच्या रीतीने. गाडी सरळ वेगात असून मोटर बंद असेल, तर पुढच्या चाकांजवळ वळण्यासाठी ९३० च्या ०.८ पट, म्हणजे ७४४ ग्रॅम-भार जोर असतो. मोटरने ४०० ग्रॅम-भार ओढ घेतली, तर भार मागे सरकल्यामुळे एकूण पकड ६९४ उरते आणि वळण्यासाठी ५६७. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. म्हणून पुढून ओढणारी गाडी वळणावर भिंतीकडे जाऊ लागली, तर मोटरचा जोर कमी करायचा. हे सहाव्या रविवारी एका मुलाने स्वतः शोधले. तक्त्यात ते नाही.

डिफरन्शियलचेही असेच. सैल डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. वळणावर आतले चाक हलके होऊन गरगरू लागले, की बाहेरच्यालाही तेवढाच दुबळा पीळ मिळतो. घट्ट ग्रीस ही गरगर अडवते, बाहेरच्या चाकाला जास्त ओढ मिळते, आणि बाहेरून ओढले की नाक आत येते. पण मोटर बंद करून वळताना तेच ग्रीस दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत नाही आणि वळण्याला विरोध करते. सैल की घट्ट हे, मोटर चालू ठेवून वळायचे की बंद करून, यावर ठरते.

आणि आता तक्त्यापेक्षा जुन्या एका दोषाकडे. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या तेव्हा आमची गाडी खरोखर वळू लागली. का, हे मुलांनी विचारले, आणि पाठ्यपुस्तकाच्या आधारे मला उत्तर देता आले नाही. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा आमोन्तों यांनी १६९९ साली मांडलेला आणि पुढे कुलोंब यांनी पक्का केलेला नियम आपण शिकवतो. वळताना आतल्या चाकावरचा भार बाहेरच्यावर जातो. कडक स्प्रिंगा मागे असतील, तर या बदलीचा मोठा वाटा मागची जोडी उचलते. पण नियम तंतोतंत खरा असेल, तर एका चाकाने गमावले ते दुसऱ्याने कमावले, जोडीची बेरीज तीच! मग कोणत्याही स्प्रिंगेने काहीच फरक पडायला नको.

फरक पडतो, कारण रबर हा नियम पाळत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. गुळगुळीत लवचिक गोळा सपाट पृष्ठभागावर दाबला, तर संपर्काचे क्षेत्रफळ भाराच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. पकड क्षेत्रफळाप्रमाणे धरून हिशेब केला, तर ४०० आणि ४०० ग्रॅम भाराच्या जोडीपेक्षा ७०० आणि १०० च्या जोडीची पकड सुमारे साडेसात टक्के कमी येते. टायर म्हणजे गुळगुळीत गोळा नव्हे, आकडा वेगळा निघेल, दिशा हीच. असमान भारामुळे मागच्या जोडीची पकड घटते, पुढच्या जोडीवरचा भार अधिक सारखा वाटला जाऊन तिची वाढते, आणि नाक वळते. पाठ्यपुस्तकातल्या नियमाखाली ‘कठीण, कोरड्या पृष्ठभागांसाठी, अंदाजे’ एवढे चार शब्द हवे होते. तक्ता लिहिणाऱ्या अनामिकाला मी नावे ठेवली, तीच उणीव माझ्या फळ्यावर होती.

संचाची किंमत मात्र आपल्या शाळांना परवडणारी नाही, आणि सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. दोन-तीन शाळांनी मिळून एक घेतला तर जमेल. तयार जोडलेली स्वस्त गाडी घेऊ नये. तिच्यात स्प्रिंगा बदलता येत नाहीत, आणि बदल करता येत नसेल तर मोजण्यासारखे काही राहत नाही. मोजमापाला स्टॉपवॉच आणि खडू पुरतो. २ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून गाडी रेषेवर ठेवत वेग वाढवत न्यायचा. दहा फेऱ्यांना ३६ सेकंद लागले, तर केंद्राकडचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६२ पट. स्प्रिंग बदला, पुन्हा मोजा.

आमच्या मुलांनी तक्ता नव्याने लिहायला घेतला आहे. त्यात ‘कोणती चाके ओढतात’ आणि ‘का’ असे दोन रकाने वाढवले आहेत. ‘का’च्या रकान्यात अजून पाच जागा कोऱ्या आहेत. त्यांतली एक अशी: सकाळी मैदान झाडल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत गाडी घसरते आणि मग धरू लागते. धूळ, की टायरची ऊब, यावर दोन तट पडले आहेत. पुढच्या रविवारी टायर आधी उन्हात ठेवून पाहणार आहेत.