सोवळे, किळस आणि भूक : आत्मकथनांतील अन्नभावनेचा विचार

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहराला पुण्याच्या बाजूने लागून असलेले केडगाव रेणुकामातेच्या देवळासाठी परिसरात प्रसिद्ध आहे. नवरात्रात देवीला येणाऱ्या भाविकांच्या घरी नऊ दिवस जे खाल्ले जाते त्याकडे जरा निरखून पाहिले तर एक गंमत दिसते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची या साऱ्यांचे मूळ अमेरिका खंडात आहे आणि पोर्तुगीज येण्यापूर्वी ही पिके या भूमीला ठाऊक नव्हती. शतकानुशतके याच कोरडवाहू मातीत पिकणारी बाजरी मात्र उपवासाला चालत नाही. तरीही खिचडीच्या घासाबरोबर भाविकाच्या मनात पावित्र्याची जी भावना जागी होते तिला खोटी म्हणता येणार नाही. भावना आधी असते आणि आहार ती व्यक्त करतो, हा सर्वसाधारण समज येथे डळमळू लागतो. आधी सवय जडते, तिच्यातून भावना घडते आणि कालांतराने त्या भावनेला स्वतःच्या जन्माची आठवणही राहत नाही.

साहित्यविचाराला हा प्रश्न परका असायचे कारण नव्हते. ‘रस’ ही संज्ञाच मुळी जिभेकडून आलेली. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाचे स्पष्टीकरण करताना नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा आणि ते आस्वादणाऱ्या प्रसन्नचित्त पुरुषाचा दृष्टान्त घेतला आहे. पण पुढील चर्चेत दृष्टान्तातला जेवणारा मागे पडला आणि त्याच्या जागी सहृदय रसिक आला. ज्याला पोट नाही, जात नाही आणि ज्याच्या पंगतीत शेजारी कोण बसला आहे हा प्रश्नच उद्भवत नाही, असा हा रसिक! मराठीतील रसचर्चेनेही त्यालाच प्रमाण मानले. परिणामी ‘जुगुप्सा’ हा बीभत्साचा स्थायिभाव मनुष्यस्वभावात उपजतच असतो, असे जवळजवळ गृहीत धरले गेले. किळस शिकवली जाते, आणि ती शिकवण्याची पहिली शाळा स्वयंपाकघर असते, हे मराठी आत्मकथने सांगत आली आहेत. समीक्षेने मात्र तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. लेखिकेचा प्रांजळपणा आणि नर्मविनोद यांची वाखाणणी इतकी झाली आहे की, त्या विनोदाखाली काय दडले आहे हे पाहण्याची गरजच वाटेनाशी झाली. आरंभीचे सोवळ्याचे प्रकरण घ्यावे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७च्या उठावाच्या संदर्भात फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे, नानांचे, सोवळे वेडाच्या थराला गेले. बाहेरून आलेले धान्य धुतल्याखेरीज घरात घ्यायचे नाही, अमुक शिवले, तमुक विटाळले, असा अखंड जाच सुरू झाला. वाचक हसतो, लेखिकेलाही तो हसावा असेच वाटते. पण या वेडाची एक मांडणी आहे. राजसत्तेच्या भयाला, आप्ताच्या मृत्यूच्या दुःखाला ज्या घरात उघडपणे वाट मिळणे शक्य नव्हते तेथे त्या दोहोंनी किळसेचे रूप घेतले आणि किळस धान्यावर जाऊन बसली. मेरी डग्लस यांनी ‘प्युरिटी अँड डेंजर’ (१९६६) या ग्रंथात अपवित्रतेची कल्पना समाजाच्या सीमारेषांशी जोडली. नानांच्या बाबतीत मात्र सीमा आधी रक्ताने ओलांडली गेली होती आणि ती पाण्याने पुन्हा आखण्याचा प्रयत्न चालला होता. हे पाणी घरातल्या बायकामुलांनी उपसायचे होते, हेही विसरता येत नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दीर्घ ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ येऊन राहिल्या, पण त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. ‘स्मृतिचित्रां’तील हा भाग मराठी गद्यातील प्रेमाच्या सर्वांत विलक्षण चित्रणांपैकी एक मानावा लागेल. जिव्हाळा, राग, थट्टा, काळजी हे सारे त्या दोघांमध्ये पूर्ववत सुरू झाले होते. अडले होते ते एका घोटापाशी. मन पतीकडे आले, चूल आली नाही. टिळकांसारखा वाद घालण्यात निष्णात माणूस समोर असताना लक्ष्मीबाईंचे हे अंतर त्याच्या युक्तिवादाने मिटले नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, या प्रश्नाचा एका रात्री त्यांनी एकटीने विचार केला, त्या माणसांनीच केल्या असा निष्कर्ष काढला आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे असे ठरवले. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यांनी त्यानंतर केला, १९०० साली राहुरीस. हा क्रम अर्थपूर्ण आहे. धर्मांतराची कथा म्हणून हे आत्मचरित्र वाचणारा वाचक बाप्तिस्म्याला कळसाध्याय समजतो. संहितेची खरी कलाटणी त्याआधी, पाण्याच्या भांड्यापाशी येऊन गेलेली असते.

याच ठिकाणी दुसऱ्या एका केडगावाची आठवण अपरिहार्य ठरते. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव हे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचे गाव. नामसादृश्यामुळे नगरच्या केडगावाशी त्याची गल्लत अनेकदा होते. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. वाँटेजच्या मठात त्यांच्या या पथ्याकडे जातीचा उरलेला ताठा म्हणून पाहिले गेले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा वाद येतो आणि ईश्वराच्या स्वरूपाविषयीच्या गंभीर मतभेदांच्या शेजारी अंडे घातलेल्या पदार्थाचा विषय तितक्याच गांभीर्याने उभा राहतो. तो क्षुल्लक नव्हताच. परकीय भूमीवर, परक्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या स्त्रीला स्वतःचे म्हणून राखता येईल असे ताट हे जवळजवळ एकमेव क्षेत्र होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत अन्नाची भिंत आधी पडली आणि श्रद्धा नंतर बदलली. रमाबाईंच्या बाबतीत श्रद्धा बदलली, पण जीभ बदलली नाही. यांपैकी एकीला पुरोगामी व दुसरीला अर्धवट सुटलेली ठरवण्याचा मोह टीकाकाराने आवरावा हे बरे. रमाबाईंचा शाकाहार हा संस्कार आणि स्वाभिमान या दोहोंचे मिश्रण होता. ते वेगळे काढणे त्यांना स्वतःला तरी कितपत शक्य झाले असते?

आतापर्यंतचे विवेचन अन्न नाकारण्याची मुभा असलेल्यांविषयी झाले. त्याच नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या धामणगावात वाढलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) हाती घेतले की, किळस या भावनेचा धनी बदलतो. येथे ती दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. गावकीच्या कामापोटी मिळणारी भाकरी, मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी, वाळवून ठेवलेल्या चान्या यांचे तपशील निवेदक मांडतो तेव्हा त्यांतील चव त्याला आठवते आणि ती आठवते याचीच लाज वाटते. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले होते. त्या निर्णयामागील आत्मसन्मानाविषयी निवेदकाला यत्किंचितही संदेह नाही. पण सोडलेले अन्न स्मृतीतून जात नाही. बोलणारा दगडू आणि ऐकणारा दया पवार अशी निवेदनाची जी फोड या पुस्तकात केली आहे तिचे स्पष्टीकरण सहसा खेडे आणि शहर, निरक्षरता आणि शिक्षण यांच्या द्वंद्वातून दिले जाते. तिला आणखी एक बाजू आहे. एकाच शरीरात चव दगडूजवळ राहिली आहे आणि लाज दया पवारजवळ. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर स्वतःच्या समाजातील काही सुशिक्षितांनाही ते खटकले, यावरून ही फोड एका व्यक्तीपुरती नव्हती हे उघड होते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) संतामायचा प्रसंग तर मराठी वाचकाला विसरता येणारा नाही. संतामाय शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्या पिठाची भाकरी स्वतः खाते. नातवाला मात्र चांगल्या ज्वारीची देते. नातू तिच्यातला तुकडा मागून चाखतो आणि त्याला शेणाचा वास येतो. हे धान्य धुणे आणि नानांचे धान्य धुणे यांची तुलना मराठी समीक्षेत व्हायला हवी होती. एकीकडे स्वच्छ धान्य अस्वच्छ मानून धुतले जाते, दुसरीकडे खरोखरच घाणीत पडलेले धान्य भुकेपोटी अन्न मानून धुतले जाते. क्रिया एकच, पाणीही तेच. पण नानांच्या घरी धुण्याने माणसामाणसांतील अंतर वाढते, आणि संतामायच्या झोपडीत त्या धुण्याच्या शेवटी दोन वेगवेगळ्या भाकऱ्या होतात, ज्यांतील चांगली भाकरी प्रेमाची असते. बीभत्स आणि वात्सल्य एका तव्यावर आणणाऱ्या या प्रसंगासाठी परंपरागत रसव्यवस्थेत जागा शोधू पाहणाऱ्याची मोठीच पंचाईत होते. नातवाला आलेला वास हा त्याचा दोष नाही. तो वास येण्याइतपत चांगली भाकरी आजीनेच त्याला आजवर खाऊ घातलेली आहे.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या पाककृती नोंदवल्या, तेव्हा पाककृतीच्या पुस्तकालाही आत्मकथनाचे रूप येऊ शकते हे दिसले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) ने ज्या घरांत प्रमाण ठरवले तेथील वाचकाला पाटोळ्यांचे काही जिन्नस नावानेही परिचित नसतील. त्या नोंदींत लाज जवळजवळ नाही. असलाच तर एक मिस्कील, किंचित आक्रमक जिव्हाळा आहे. ‘बलुतं’च्या निवेदकाला जी चव चोरून आठवावी लागली ती येथे कृतीसह उघडपणे सांगितली जाते. मात्र असे सांगता येते ते ती चव रोजच्या ताटातून बरीचशी गेल्यावर, हेही त्या पुस्तकाच्या पानापानांतून जाणवत राहते.