पर्मनंट झालेली मारामारी

हंगामी कारकून आणि कायम झालेला कारकून ह्यांत फरक काय, हे कुठल्याही कचेरीत जाऊन पाहावं. हंगामी कारकून दहाच्या आधी येतो, फाईल आपण होऊन उचलतो आणि साहेबांचा विनोद संपायच्या आत हसतो. तोच माणूस कायम झाला, की छत्री खुंटीला अडकवून चहाला जातो. माणूस तोच, टेबल तेच, साहेबांचे विनोदही तेच. फक्त गरज संपलेली असते. 'दि अल्टिमेट फायटर' हा अमेरिकन टेलिव्हिजनवरचा मारामारीचा कार्यक्रम २००५ साली हंगामी म्हणून लागला आणि पुढे कायम झाला. त्याची गोडी गेली का, ह्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं म्हणजे इथंच संपलं. पण इतक्या लवकर लेख संपवायची आपल्याकडे पद्धत नाही.

मारामारीवर मत देण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. माझा प्रत्यक्ष अनुभव लोकलमधल्या चौथ्या सीटपुरता. बाकी सगळी विद्या बसून मिळवलेली. "मामा, तू एकच भाग बघ," असं म्हणून भाच्यानं पहिलं पर्व लावून दिलं आणि तो झोपायला गेला. मी बसलो तो बसलोच.

कार्यक्रमाची कल्पना सोपी आहे. लास व्हेगासच्या एका बंगल्यात सोळा धटिंगण सहा आठवडे कोंडायचे. घरात टीव्ही नाही, टेलिफोन नाही, वर्तमानपत्र नाही, पुस्तक नाही. (पुस्तकावाचून कुणी तडफडताना दिसलं नाही.) दारू मात्र मुबलक. दोन नामवंत लढवय्ये गुरू म्हणून नेमायचे, दोन संघ पाडायचे, रोज सराव करायचा आणि मधूनमधून आपल्याच घरातल्या माणसाशी पिंजऱ्यात लढायचं. लढाई मिक्स्ड मार्शल आर्ट्सची. म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो, लाथा असं सगळं एकाच ताटात वाढलेलं. शेवटी जो उरेल त्याला यूएफसी ह्या कंपनीचा करार. आपल्याकडच्या तालमीतही पोरं एकत्र राहतात, पण तिथं वस्ताद असतो, पहाटेचा व्यायाम असतो आणि डोक्यावर मारुतीचा फोटो असतो. इथं कॅमेरा होता.

आता कंपनीची त्या वेळची अवस्था पाहा. २००१ साली लोरेन्झो आणि फ्रँक फर्टिटा ह्या कॅसिनोवाल्या भावांनी ती २० लाख डॉलरला घेतली होती. डेना व्हाइट हा त्यांचा मित्र कारभारी. जॉन मॅकेन ह्या सिनेटरनं ह्या खेळाला माणसांच्या कोंबडझुंजी ठरवून आधीच बदनाम केलेलं. तोटा कोट्यवधी डॉलरांत गेलेला. कार्यक्रम घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा भावांनी निर्मितीचा खर्च आपल्याच खिशातून केला आणि स्पाइक नावाच्या चॅनेलवर जागा मिळवली. १७ जानेवारी २००५, सोमवार रात्र. वेळ डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीनंतरची. म्हणजे आधी नुरा कुस्ती, मग खरी. गोड शिऱ्यावर मिरचीचा ठेचा वाढावा तसा प्रकार. पण लोक पान सोडून उठले नाहीत.

का उठले नाहीत, हे पहिलं पर्व बघितल्यावर कळतं. त्या घरात क्रिस लेबेन नावाचा एक भांडकुदळ गडी होता. एका रात्री पिण्याच्या बैठकीत बॉबी साउथवर्थनं त्याला बापावरून शब्द टाकला. बाप लेबेनच्या आयुष्यातून कधीच निघून गेलेला. हा आडदांड माणूस बाहेर जाऊन रडला आणि तिथंच हिरवळीवर झोपला. मग साउथवर्थ आणि जॉश कॉसचेक ह्या दोघांनी बागेला पाणी घालायच्या नळीनं झोपेतल्या माणसावर पाणी सोडलं. लेबेननं उठून घराची मोडतोड केली. लेबेन आणि कॉसचेक ह्यांची लढत ठरली.

आपला कुठलाही पटकथाकार असता, तर लेबेननं कॉसचेकला लोळवला असता आणि मागे सनई लागली असती. प्रत्यक्षात कॉसचेक मूळचा कुस्तीगीर. त्यानं लेबेनला पुनःपुन्हा खाली घेतलं, वर बसून राहिला आणि गुणांवर जिंकला. झुंज रटाळ झाली. अन्यायाचा सूड वगैरे काही नाही. मला वाटतं, ह्याच रटाळ झुंजीनं तो कार्यक्रम खरा ठरवला. खोटं इतकं कंटाळवाणं कुणी करत नाही.

आणि मग ९ एप्रिल २००५ ची अंतिम लढत. एका बाजूला पूर्वी जॉर्जियात पोलीस असलेला फॉरेस्ट ग्रिफिन, दुसऱ्या बाजूला स्टीफन बोनर. दोघंही कसबी म्हणावेत असे नव्हेत. पंधरा मिनिटं दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना यथेच्छ बडवलं. ठोसा चुकवण्याची कला दोघांनाही ठाऊक असावी, पण त्या दिवशी ती घरी विसरली होती. पंचांनी ग्रिफिनला विजयी केलं आणि व्हाइटनं तिथल्या तिथं हरलेल्या बोनरलाही करार देऊन टाकला. कंपनी त्या पंधरा मिनिटांत वाचली, असं व्हाइट स्वतःच सांगत आला आहे. बोनर २०२२ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. बातमी वाचली तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं मला उगाचच वाटलं. सहा आठवडे एका घरात काढले की असं होतं.

त्या पर्वात कुणालाच खोटं वागणं परवडत नव्हतं. पोरांकडे दुसरा रस्ता नव्हता, कंपनीकडे दुसरा डाव नव्हता. ही गरज पडद्यावर दिसत होती. बाकी बंगला आणि स्विमिंग पूल काय, कुठंही मिळतात.

पुढं कार्यक्रम कायम झाला. पर्वांमागून पर्वं आली. ब्राझील, चीन, लॅटिन अमेरिका अशा शाखा निघाल्या. २०१२ साली मुख्य कार्यक्रम एफएक्स चॅनेलवर गेला, पुढच्या वर्षी फॉक्स स्पोर्ट्स वनवर. २०१८ नंतर खंड पडला आणि २०२१ मध्ये तो ईएसपीएन प्लसवर, वर्गणी भरणाऱ्यांपुरता परतला. बदलीवरच्या सरकारी नोकरासारखा तो फिरला. दरम्यान २०१६ साली कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली गेली. वीस लाखांचे चारशे कोटी झालेला माणूस पूर्वीच्या कळकळीनं दार ठोठावील, ही अपेक्षाच चूक.

दारावरून आठवलं. लेबेन रागानं मोडतोड करून बसला. नंतरच्या मंडळींनी ते टीव्हीवर पाहून पाठ केलं होतं. २००९ च्या दहाव्या पर्वात तर खुद्द गुरू क्विंटन जॅक्सननंच दार फोडलं. पहिल्यांदा दार फुटलं तेव्हा आत कुणीतरी रडत होतं. पुढं पुढं मोडतोड हा अभ्यासक्रमाचा भाग झाला.

त्या दहाव्या पर्वात एक भाग मात्र सरासरी ५३ लाख लोकांनी पाहिला. इंटरनेटवर रस्त्यावरच्या मारामाऱ्यांनी गाजलेला किंबो स्लाइस आणि ढेरपोट्या रॉय नेल्सन. नेल्सनला पाहून हा लढायला आलाय की पंगतीला, असा प्रश्न पडावा. त्यानं किंबोला खाली घेतलं, हात अडकवून टाकला आणि पोळीचा उंडा थापावा तसे हलके हलके ठोसे मारत राहिला. पंचांनी थांबवलं. गोडी कुठून येते बघा. हीरो हरला, पोट जिंकलं आणि आधी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

उलट २०२३ चं पर्व घ्या. कॉनर मॅकग्रेगर आणि मायकल चँडलर गुरू. पर्वाअखेर गुरू-गुरूंनी लढायचं, ही पहिल्या पर्वापासूनची प्रथा. त्यासाठीच तर लोक बघतात. पर्व संपलं, पुढं २०२४ च्या जूनसाठी ठरलेली झुंज मॅकग्रेगरच्या पायाच्या बोटाच्या दुखापतीनं मोडली आणि नोव्हेंबरात चँडलर दुसऱ्याशीच लढला. केळवणं झाली, रुखवत मांडला, नवरदेव आलाच नाही.

त्यात २०१७ पासून डेना व्हाइटनंच 'कंटेंडर सिरीज' सुरू केली. एक रात्र, एक लढत, आवडलास तर त्याच रात्री करार. पुढं विजेता झालेला शॉन ओमॅली असाच आला. एका संध्याकाळी नोकरी मिळत असताना सहा आठवडे उमेदवारी करायला कोण जाईल?

भाचा इथं हरकत घेतो. "मामा, रशाद एव्हान्स, बिस्पिंग, उस्मान, सगळे चॅम्पियन ह्याच घरातून आले!" आले खरे. शिवाय नंतरची पोरं पहिल्यांपेक्षा कितीतरी तयारीची आहेत, हेही मान्य. पण पोस्टाची परीक्षा पास होणारे हुशार असले, म्हणून ती परीक्षा बघायला कुणी तिकीट काढत नाही.

तरीही मी २०२५ चं तेहतिसावं पर्व बघितलं. दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे घरातल्या लढती रिकाम्या तालमीत होतात. प्रेक्षक नाहीत, बँड नाही. श्वास ऐकू येतो, पाय घासल्याचा आवाज येतो, आपल्या माणसाला ओरडून सांगणारे चार मित्र ऐकू येतात. हजारोंच्या गर्दीत हे सगळं बुडून जातं.

दुसरी म्हणजे हरलेला माणूस. पहिल्या पर्वात हरणारा घरी जायचा. पुढच्या पर्वांत तो बंगल्यातच राहू लागला. ज्यानं हरवलं त्याच्याच ओट्यावर त्यानं सकाळी अंडी उकडायची. टीव्ही नाही, टेलिफोन नाही. हरलो, एवढं आईला सांगायचीही सोय नाही. कॅमेरा ताबडतोब जिंकलेल्याकडे वळतो, कारण पुढची लढत त्याची असते. दिग्दर्शकानं तो जरा वेळ ओट्यापाशीच राहू द्यावा. तिथं अजून एक माणूस आहे, जो कायम झालेला नाही.