गोळीबार आणि कर्ता

लोकक्षोभातून जन्मलेले वाङ्मय आपल्या समीक्षेने आजवर काहीसे अंतरावरच ठेवले आहे. शाहिरी, जलसा, मोर्च्यातील गाणे, चौकशी आयोगासमोर दिलेली साक्ष ही सारी समाजशास्त्राची सामग्री, साहित्याची नव्हे, असा एक अलिखित संकेत आहे. तो आम्हांस मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आम्ही आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा बोलपट समोर ठेवीत आहोत. साहित्यविषयक नियतकालिकात बोलपटाची चर्चा कशास, असे कोणी विचारील. त्याचा विषयच मुळी एक शाहीर आणि त्याची परंपरा हा आहे, एवढे उत्तर तूर्त पुरे.

प्रथम घटना. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईत घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला आढळला. वस्ती रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मारली गेली. शाहीर विलास घोगरे यांनी हे पाहिले आणि चार दिवसांनी आपले जीवन संपविले. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीच्या अधिकाऱ्यास २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयातून त्यास जामीनही मिळाला.

आता भाषेकडे वळू. आमचा धंदा व्याकरण शिकविण्याचा, त्यामुळे दृष्टी तिकडेच जाते. अशा प्रसंगी आपली वृत्तपत्रे आणि सरकारी निवेदने जी तीन-चार ठरीव वाक्ये योजतात, त्यांचे पदच्छेद करून पाहावेत. ‘पोलिसांनी गोळीबार केला’ या कर्मणी रचनेत कर्ता निदान तृतीयेत तरी उभा असतो. ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला’ असे म्हणताच तो चतुर्थीत जातो. ज्यास भूक लागते, ताप येतो, दुःख होते, त्याची ही विभक्ती. गोळी झाडणाराच जणू सोसणारा ठरतो. ‘गोळीबार झाला’ या वाक्यात तर गोळीबार हाच कर्ता! पावसासारखा तो आपोआप झाला. आणि ‘दहा जण ठार झाले’ येथे कर्तृपद कोणास मिळाले आहे? मेलेल्यांस. सातवीच्या मुलालाही ओळखता येईल अशी ही गोष्ट आपण रोज वाचतो आणि पुढे जातो.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल आहे. तसे नव्हे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यान्वये नेमलेला आयोग साक्षी घेतो, निष्कर्ष मांडतो. पण त्याचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात आणि शिक्षा देण्याचा अधिकार तर त्यास नसतोच. म्हणजे आयोगाच्या हाती अखेर एकच वस्तू असते, ती म्हणजे वाक्य. त्या वाक्यात कर्ता असावा की नसावा, एवढ्यासाठीच वस्ती महिनोन् महिने साक्ष देत असते. अमेरिकेतील रीत याहून निराळी. फर्ग्युसन येथे ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. बारा नागरिकांच्या ‘ग्रँड ज्युरी’ने बंद दाराआड पुरावा ऐकून २४ नोव्हेंबर रोजी खटला भरू नये असे ठरविले. त्या रात्री गावात आगी लागल्या. (पाहा, ‘आगी लागल्या’ असेच आमच्याही लेखणीतून उतरले!) तेथे नकार एका रात्रीत कळला, म्हणून क्षोभही एका रात्रीत उसळला. आपल्याकडे निर्णय वर्षांवर पसरतो आणि क्षोभ त्याबरोबर विरळ होत जातो. अशा विरळ क्षोभास कोणते वाङ्मयरूप शोभेल, हा आमच्या मते या बोलपटापुढील खरा प्रश्न होता.

आपल्या परंपरेत त्यास एक तयार उत्तर आहे: हुतात्मा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी आणि पुन्हा जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळ्यांनी पडली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय मंत्रिपद सोडताना या गोळीबारांवर व त्यांची चौकशी न होण्यावर बोट ठेवले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत महागुजरातच्या मागणीपायी विद्यार्थी पडले. दोन्ही वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. तेच १९५७ पासून लोकसभेत आमच्या सुरतेचे प्रतिनिधी झाले. सुरतेतील मराठी माणसास त्यामुळे हा इतिहास दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. दोन्ही नगरांत स्मारके झाली. त्यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ज्याने आत्म्याची आहुती दिली तो हुतात्मा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे आणि गोळी लागलेला प्रत्येक जण आहुती देण्यास घराबाहेर पडला होता असे नाही. सरकारी वाक्याने मृतास कर्ता केले, तसेच गौरवाच्या शब्दानेही केले. झाडणारा दोन्हीकडे गाळलेलाच राहिला.

पटवर्धनांचे यश येथे आहे. त्यांनी घोगऱ्यांस हुतात्मा केले नाही. त्यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या बोलपटात गाणारा हा शाहीर डाव्या चळवळीत वावरलेला. अखेरीस मात्र त्याने मस्तकास निळी पट्टी बांधली. या दोन निष्ठांमधील ताण बोलपट सोडवून टाकीत नाही, तो तसाच गाण्यांतून वाहू देतो. चित्रणास चौदा वर्षे लागली, आणि ती पडद्यावर जाणवतात: तीच माणसे वयस्कर होतात, तोच प्रश्न पुन्हा विचारतात. लांबी तीन तासांच्या घरात जाते, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. ज्या प्रकरणाचा निकाल बारा वर्षांनी लागतो, त्याची कथा दीड तासात आटोपणे हाच रचनादोष ठरला असता.

उणीव दिसते ती दुसरीकडे. उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण गाणारी मंडळी येतात. त्यांचे गाणे तेजस्वी आहे. पण दिग्दर्शक त्यांच्या उत्साहात इतका रमतो की रमाबाई नगरातील घरे काही काळ नजरेआड होतात. नव्या शाहिराने जुन्या जखमेस उत्तर द्यावे ही इच्छा समजण्यासारखी आहे, तरी तिने वस्तीचा आवाज थोडा दबतो. घोगऱ्यांच्या गायकीचाही आणखी बारकाईने विचार व्हावयास हवा होता: कोरसाने ओळ उचलताच मूळ गायकाने क्षणभर थांबणे, श्रोत्याकडून शब्द पुरा करून घेणे, हे जलशाचे तंत्र त्यात दिसते पण उलगडत नाही.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या आधारे राहतात आणि १४ एप्रिलच्या सुमारास तेथे भीमगीते मराठीतच होतात. त्या थांबण्याचा अर्थ तेथील श्रोत्यास सांगावा लागत नाही. तो ओळ पुरी करतो, आणि कर्त्यासकट करतो.