केळी वाटणारं मंडळ, हक्क मागणारं मंडळ

लहानपणी आमच्या वस्तीत शहरातल्या एका लेडीज क्लबच्या बाया यायच्या. पोरांना केळी वाटायच्या, फोटो काढून घ्यायच्या, निघून जायच्या. त्याला समाजसेवा म्हणत. माझी आई रात्री महिला मंडळात जायची. मयताला वर्गणी, बाळंतिणीला शिधा, विहाराची झाडलोट. त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं. मीसुद्धा नाही.

म्हणून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) वाचताना माझी मान खाली गेली. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथं बायांनी केळी नाही मागितली. घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीत राबणाऱ्या बायांसाठी रजा मागितली. दया आणि हक्क यांतला फरक त्यांना आपल्या कितीतरी पुढाऱ्यांआधी कळला होता.

या पुस्तकाची ताकद त्याच्या पद्धतीत आहे. जिथं कागद नव्हता तिथं लेखिकांनी म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या पुरुषांना हे का सुचलं नाही? घरातच तर बसल्या होत्या त्या!

पुस्तक मिटून मी आईला विचारलं, “मंडळाची वही कुठाय?”

“वही कशाची? आमाला लिवता येत व्हतं व्हय? समदं ध्यानात ठिवायचं.”

ध्यानात ठेवणाऱ्या एकेक जणी चालल्यात. मित्रांनो, वही आता आपण घालायची.